मेल्विनकडे चालत जायचा रस्ता

लिंडहोम पार्क, मिनेसोटा
१० सप्टेंबर

चि. आयनेझ हिस आर्डिसताईचे अ. उ. आ.

तुझं खोकं काल पोचलं. बटाट्याच्या पातळ पोळ्या, आपल्या लेफ्सा, चोवीस, पैकी मोडक्या दोन. रानचेरीच्या जेलीच्या बाटल्या तीन. लोकरी पायमोजे एक जोड. टपालाला चौदा डॉलर वीस सेंट घातलेस, ते वाचून मोडक्या लेफ्सा आधी संपवल्या, दुःख कमी व्हावं म्हणून.

देवदयेने मी ठीक. मेल्विनचं, म्हणजे तुझ्या भावजींचं, तसंच आहे. अर्धांगानंतर उजवा हात उठत नाही आणि बोलणंही थोडकंच. मी समोर बसले तर संध्याकाळी सगळं ताट संपवतो. नसले तर ताट जसंच्या तसं परत जातं. नर्स म्हणते, नको म्हणताना मान मात्र किती अदबीने हलवतात! मागच्या महिन्यात माझी मोटार दोन दिवस बंद होती, तर त्या दोन दिवसांत त्याने कॉफीखेरीज काही घेतलं नाही.

आता आमच्याकडच्या प्रगतीबद्दल. घरासमोरच्या सहा पदरी रस्त्यापलीकडे येन्सनची सफरचंदाची बाग होती, आठवते ना? ती तोडून तिथे नवी वस्ती उभी केली आणि तिला नाव दिलं ऑर्चर्ड वॉक. बाग तर गेली, चालण्याचं काय झालं ते ऐक. खाली दुकानं नि खाणावळी, वर घरं, आणि एका इमारतीत मेल्विनचं शुश्रूषागृह. सगळीकडे लाल विटांच्या पाऊलवाटा, आणि जागोजागी पाट्या लावल्यात की मोटार विसरा, पायी चाला. त्या पाट्या वाचायला मी मोटारीने जाते.

माझ्या स्वयंपाकघरातून मेल्विनची खिडकी दिसते. अंतर चारशे पावलं. पण मधला रस्ता ओलांडायला ना पट्टे, ना सिग्नल. म्हणून उत्तरेला दीड मैल जायचं, वळायचं, दीड मैल परत यायचं, चार मजली पार्किंगच्या गच्चीवर गाडी लावायची आणि मग आरोग्यासाठी चालायचं.

खाणावळी अकरा झाल्या. बाहेर लोखंडी खुर्च्या मांडल्यात आणि हिवाळ्यासाठी डोक्यावर गॅसच्या शेगड्या, म्हणजे पाय गोठले तरी टाळू भाजून निघेल. एका ठिकाणी आपली हॉटडिश मिळते, तीच गं, चर्चच्या तळघरात आपण परातभर करतो ती, खिमा, डब्यातलं मश्रूमचं सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्या. इथे ती तळहाताएवढ्या बिडाच्या तव्यात देतात. नाव ‘वारसा भोजन’, किंमत अठरा डॉलर. मी पाणी मागितलं, तर साधं की बुडबुड्यांचं म्हणून विचारलं.

काळजीची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की ३१ ऑक्टोबरनंतर गाडी चालवायची नाही. म्हाताऱ्यांची बस दोन दिवस आधी सांगावी लागते आणि तीनला बंद होते. मेल्विन जेवतो पाचला.

आणि नगरपालिकेला कळू नये असं थोडंच आहे? जुलैत तिथल्या डेलगाडोबाई चर्चच्या तळघरात नकाशे घेऊन आल्या होत्या. मूळच्या अॅरिझोनाच्या, पण बाई सज्जन. त्यांनी आम्हाला विचारलं की इथे पट्टे आणि सिग्नल करून देऊ का. मी अर्थातच म्हटलं, छे छे, आमच्यासाठी कशाला एवढा त्रास. बाकीच्या बावीस जणींनीही चांगल्या घरच्या बायकांसारखंच उत्तर दिलं. एवढं होऊनही पट्टे काही आले नाहीत. त्याऐवजी रंगीत दिव्यांचं कारंजं आलं. असला कारभार!

तुझी ताई
आर्डिस

*

ओस्लर, नॉर्थ डकोटा
१७ सप्टेंबर

ती. आर्डिसताईस आयनेझचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचताना हसले, दुसऱ्यांदा वाचताना कपाळाला हात लावला. अगं ताई, तू त्या बाईंना नाही म्हणालीस!

आपल्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे नुसता नमस्कार. दुसरं ‘नको’ म्हणजे बसा. तिसऱ्यांदा कुणी विचारलं की मग, बरं, फार त्रास नसेल तर, असं पुटपुटत कॉफीचा कप पुढे करायचा. आईने आपल्याला हेच शिकवलं. पण अॅरिझोनातल्या आईने आपल्या मुलीला हे कशाला शिकवलं असेल? तिकडे नको म्हणजे नको. त्या बिचारीने तेवीस नकार मोजून घेतले, कागदावर लिहिले आणि पैसे कारंज्याला दिले. वर तू तिलाच नावं ठेवतेस. धन्य तुम्ही तेवीस जणी! शहराचा पैसा वाचवल्याबद्दल कारंज्यापाशी तुमचा पुतळा उभारायला हवा.

मेल्विनभावजींनी मागणी घातली तेव्हाही तू दोनदा नको म्हणाली होतीस. ते इथलेच, म्हणून तिसऱ्यांदा आले. अॅरिझोनाचे असते तर तू आज कुमारी आर्डिस असतीस.

आता चर्चमध्ये प्रार्थना कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. नगरपालिकेची जाहीर सभा कधी आहे ते बघ, उभी राहा आणि पहिल्याच झटक्यात हो म्हण. घरी आरशासमोर सराव करून जा.

आणखी एक. सूर्यफुलं काढून झाली की मला काम नाही, शेत तर भाड्यानेच दिलंय. आमचे हे, ऑर्लन, वारल्यापासून हिवाळाभर मी आणि रेडिओ. तिकडे येऊन राहू का? गाडी माझी आणि डोळेही माझे.

वडीलपणाची माया आहे तशीच राहू द्यावी.

तुझी
आयनेझ

*

लिंडहोम पार्क
१६ ऑक्टोबर

चि. आयनेझ हिस अ. उ. आ.

सभा काल झाली. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. आमच्याआधी एका गृहस्थाने ती तीनही मिनिटं कारंज्याच्या निळ्या दिव्यांवर खर्च केली.

मग मी उठले. म्हटलं, हो. मला पट्टे हवेत आणि सिग्नलही हवा. माझा नवरा पलीकडे आहे आणि मी समोर नसले तर तो जेवत नाही. एवढं बोलेपर्यंत मला असा घाम फुटला की जणू भरसभेत कुणाच्या ताटातला शेवटचा तुकडा मीच उचलला. मागून कुणीतरी कुजबुजलं, आर्डिसची तब्येत बरी आहे ना?

डेलगाडोबाईंनी जुलैचा कागद काढला आणि विचारलं की मग हे तेवीस नकार कसले. मी सांगितलं की बाई, ते शिष्टाचार होते. मग त्यांनी बाकीच्या बायकांना पुन्हा विचारलं. सगळ्या आपापल्या बुटांकडे बघत बसल्या. शेवटी चौऱ्याऐंशी वर्षांच्या योर्डिसने हात खांद्यापर्यंत नेला आणि म्हणाली, फार त्रास नसेल तर. मग उरलेल्या एकवीस जणींना एकदम कंठ फुटला. डेलगाडोबाईंनी या खेपेला ते ‘हो’ म्हणून लिहून घेतलं. शिकल्या बाई.

पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झालं. परमेश्वराचे आभार मानायला मी हात जोडले, तोवर अध्यक्षांनी पुढचं वाक्य उच्चारलं. जमीन गोठत आली, तेव्हा काम मे महिन्यात. माझी गाडी पंधरा दिवसांनी बंद होते, हे मी उठून सांगितलं. त्यावर एका सभासदाने मोठ्या मनाने सुचवलं की तोवर अकरा खाणावळींपैकी कुठूनही मेल्विनच्या खोलीत गरम जेवण पोचवता येईल. त्यांना वाटतं मेल्विन अन्नावाचून खोळंबलाय.

घरी येऊन तुला पत्र लिहायला बसले. पहिला कागद असा होता की तू विचारलंस तेवढ्यानेच भरून पावलं, हिवाळ्यात एवढ्या लांब कशाला येतेस, माझं कसंही निभेल. अक्षरही छान आलं होतं. सही करून पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीतून पलीकडे बघितलं. मेल्विनच्या खोलीत दिवा लागला होता. पाकीट फाडलं. त्यावरचा स्टँप वाफेवर सोडवून या पाकिटाला लावलाय.

तर आयनेझ, ये. मागची खोली झाडून ठेवली आहे. एकतीस तारखेच्या आत नीघ आणि मे महिन्यापर्यंत राहा. यात मला संकोच वाटतो आहे का, तर भयंकर वाटतो आहे. तरी ये.

ताईवरचा जीव असाच असू दे, आणि कोणत्या दिवशी निघतेस ते उलट टपाली कळव.

तुझी
आर्डिसताई