नाकाचं वर्ष

१२ इस्फंद

आज बदक मिळालं.

सहा वर्षं या स्टुडिओत राजकन्या केल्या, डॉक्टरिणी केल्या, एक आंधळी राणीसुद्धा केली. आज डबिंगचे आमचे दिग्दर्शक आगा पूरांग यांनी कागद माझ्यापुढे सरकवले. म्हणाले, "फरनाज खानुम, या बदकाला अगदी तुमच्यासारखा आवाज हवाय." माझ्यासारखा — म्हणजे नाकातून येणारा. सर्दी गेली का, हेही विचारलं. पाच महिन्यांपूर्वी, मेहर महिन्यात, नाकाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून विचारतायत. मीही तेव्हापासून 'होतेय बरी' म्हणतेय. सर्दी कसली! डाव्या नाकपुडीतून हवाच जात नाही.

घरी येऊन आरशात पाहिलं. शेंडा वर ओढलेला. मधे चिमटा काढल्यासारखी खाच. डावी बाजू आत बसलेली. आधीचं नाक बाबांचं होतं, लांब, मधे उंचवटा. मला ते नको होतं. पट्टी होती तेव्हा तजरीशच्या बाजारात बायका थांबवून विचारायच्या, "कुणी केलं हो?" किती ऐटीत नाव सांगायचे मी! आता पट्टी नाही, आणि विचारतही कुणी नाही.

१३ इस्फंद

शेवटी आई आहे, म्हणून मामानला पुन्हा सांगून पाहिलं, एका बाजूने श्वास जात नाही. "वर्ष होऊ दे," म्हणाली. "आत सूज असते. सगळ्यांची असते." मग दार लोटून घेऊन, हळू आवाजात — "आणि बाहेर बोलू नकोस. शहीनला काय वाटेल?"

शहीन म्हणजे तिची मावसबहीण. माझं नाक करणारे डॉक्टर सरमदी शहीनखालांचे यजमान. घरचीच मुलगी म्हणून त्यांनी काही घेतलं नाही. घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

२७ इस्फंद

बदक झकास झालं, असं सगळे म्हणाले.

३ फर्वर्दीन

नवरोझ, नव्या वर्षाच्या भेटीगाठी. डॉक्टर वयाने मोठे, म्हणून आधी आम्हीच त्यांच्याकडे. पिस्ते, मिठाई, चहावर चहा. शहीनखालांनी माझी हनुवटी धरली आणि चेहरा दिव्याकडे वळवला. "बघा हो, तुमच्याच हातचं काम!" सगळी खोली माझ्याकडे पाहत थांबली. अशा वेळी जे म्हणायचं असतं ते मी म्हटलं. "डॉक्टर, तुमचे हात कधी दुखू नयेत. असं नाक सगळ्यांच्या मुलींना मिळो." मामानने मोठा श्वास सोडला. तिला दोन नाकपुड्या आहेत.

मग आमची धाकटी, तराने. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाने डोळे खोल गेलेत तिचे, आणि नाक बाबांचं, जसंच्या तसं. ती म्हणाली, "मग परीक्षा झाली की माझंपण तुम्हीच करा, डॉक्टर." डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला. "माझ्या डोळ्यांवर, बाळ, आनंदाने करीन."

दोघं काय गोड बोलतात! असं बोलावंच लागतं म्हणा, खरं कुणी धरत नाही. दारात भेटलेला शेजारी जेवायला चला म्हणतो, आपण नको नको म्हणतो, आणि कुणीच जेवत नाही. परतताना गाडीत तराने माझ्याकडे टक लावून पाहत होती. काय गं, म्हटलं. काही नाही म्हणाली.

१९ उर्दिबेहेश्त

आज चोरून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर खोजस्ते, बाई आहेत, बोलायला फटकळ. कापसाची काडी नाकात घातली आणि आत बसलेली बाजू जराशी उचलून धरली. "घ्या आता श्वास."

हवा गेली! थंड, सरळ, पार डोक्यापर्यंत. मला रडूच फुटलं. त्यांनी काडी काढली आणि पुन्हा बंद.

"ही सूज नाही," म्हणाल्या. "आधारच कापून टाकलाय. फासळीतली कूर्चा, ते मऊ हाड, काढून इथे बसवावी लागेल."

"मग उद्या करा."

"वर्षाच्या आत हात लावणार नाही. आतलं सगळं अजून कच्चं आहे. घाई केलीत तर तिसऱ्यांदा याल, आणि तिसऱ्यांदा मला काही करता येणार नाही. मेहर जाऊ द्या. त्याच्या पुढच्या महिन्यात, आबानमध्ये या." मग हात धुताना विचारलं, "पहिलं कुणी केलं?"

"परगावी केलं होतं."

त्या हसल्या. "तेहरानमधली बिघडलेली नाकं सगळी परगावचीच असतात."

म्हणजे शेवटी वर्षच. मामानही वर्षच म्हणते. तिला वाटतं, तोवर मी गप्प बसायला शिकेन.

७ खोर्दाद

ठरवलं. आबानच्या सुरुवातीला. घरी सांगणार, इस्फहानला काम आहे. प्लास्टर निघेपर्यंत एका मैत्रिणीकडे राहीन. मग विचारलंच कुणी तर म्हणेन, सूज उतरली. शहीनखालांची अब्रू त्यांच्यापाशी, माझं नाक माझ्यापाशी. कुणाला एक शब्द बोलणार नाही. का बोलू? मी बोलले होते तेव्हा माझं कुणी ऐकलं?

१६ तीर

तरानेची परीक्षा झाली एकदाची. जेवताना मला विचारत होती, "आबजी, ऑपरेशनला दुखलं का गं तुला?"

"नाही."

"आणि आता? आता काही त्रास?"

मामान भात वाढत होती. तिचा हात थांबला.

"आता कसला त्रास? छान आहे सगळं," मी म्हटलं. मामानने भाताची खालची खरपूस पोळी माझ्याच ताटात वाढली. या घरात खोटं बोलल्याचं बक्षीस चांगलं मिळतं.

६ मोर्दाद

शिराझ. मुलांच्या महोत्सवाला स्टुडिओतले सगळे आलोय. मला मंचावर बोलावून बदकाचा आवाज काढायला लावला. पोरं हसून हसून लोळली. हसा. आबानपर्यंत हसून घ्या.

तीन वाक्यांनंतर तोंड उघडून श्वास घ्यावा लागतो. पोरांना तेही बदकच वाटलं.

१० मोर्दाद

घरी आले. बैठकीच्या खोलीत शहीनखालांनी पाठवलेली फुलं, आणि सोफ्यावर तराने. नाकावर प्लास्टर, डोळ्यांखाली काळंनिळं. मामान स्वयंपाकघरातून बाहेर येईना.

तरानेजवळ बसले. म्हटलं, मला डावीकडून श्वास घेता येत नाही. मोठ्याने म्हटलं, मामानला ऐकू जाईल असं.

"माहीत आहे," तराने म्हणाली. तोंडाने श्वास घेत, थांबत थांबत बोलत होती. "एका खोलीत झोपतो आपण, रात्री ऐकू येतं. म्हणून तर तुला सारखी विचारत होते. मला वाटलं, खरंच तेवढं वाईट असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस."