बाबांनी दोन वर दिले

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि दाजींचं घोरणं, दोन्ही आटोक्यात असावं. आम्ही इकडे ठीक. (ठीक म्हणजे काय, ते पुढे येईलच.)

ज्या तपासणीला तू 'नसता उपद्व्याप' म्हणालीस, ती मी करून आलो. डॉक्टरीणबाईंनी मला सरळ रेघेवरून चालवलं. इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतोय, त्यामुळे वळताना माझा उजवा हात आपसूक बाहेर गेला. त्या घाईघाईने काहीतरी लिहू लागल्या. मी म्हटलं, "बाई, झटका नाही, मी वळतोय." (हसल्या नाहीत.)

मग त्यांनी नीट समजावलं. आपल्या सगळ्यांच्याच एका जनुकात तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, दाजींच्या त्या एकाच किश्श्यासारखा. पस्तीस वेळांपर्यंत आजार होत नाही. आकडा चाळीस किंवा वर गेला, की आजार आज ना उद्या गाठतोच. मेंदू झिजतो, हातपाय स्वतःच्या मर्जीने नाचतात, स्वभाव पालटतो. म्हणजे आपले बाबा. जन्मात थेंब न घेता अख्ख्या गल्लीने बेवडा ठरवलेले. प्रत्येक मुलाला हा आजार येण्याची शक्यता निम्मी. आणि बापाकडून येताना आकडा कधीकधी वाढतो.

बाबांची शेवटी शेवटी तपासणी झाली, तेव्हा एक्केचाळीस निघाला होता. माझा त्रेचाळीस. मागितल्यापेक्षा जास्त कधी काही न देणाऱ्या माणसाने इथे मात्र दोन वर दिले!

बाहेर आल्यावर बायको जिन्यातच बसली. मी विनोद करायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "आज नको. नुसता बस इथे." बसलो. लोक आम्हाला वळसा घालून चढत-उतरत राहिले.

लक्षणं अजून नाहीत. दरवर्षी दाखवायचं आणि पाय ब्रेकवर चुकायच्या आत शिकवणं सोडायचं. (तूर्त शिकणारेच जास्त चुकतात.)

तुझा,
धाकटा

ता. क. तूही तपासणी कर, असं म्हणत नाही. आपला आकडा ऐकायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

आणखी ता. क. पत्र खरं यासाठी लिहिलं: पुढे मी बाबांसारखा तुझ्यावर विनाकारण ओरडेन, घालवून देईन. तरी येत राहा. हिला एकटी पाडू नकोस. त्याची माफी आत्ताच, डोकं ताळ्यावर असताना मागून ठेवतो. मात्र गेल्या महिन्यातलं फोनवरचं भांडण यात धरू नकोस. तेव्हा डोकं पूर्ण ताळ्यावर होतं, आणि चूक तुझीच होती.