पौषात बसवलेला वेग

वटार, मंगळवार संध्याकाळ

बायकोचा, सुमनचा, कॉम्प्युटर आज तापून पुन्हा बंद पडला. पापडी गावातल्या लग्नाची फिल्म तिला उद्या गिऱ्हाइकाला द्यायची आहे, आणि प्रोसेसरचा वेग वाढवलेला मी. पौषातल्या थंडीत, आकडे हाताने भरून. यंत्राच्या बुद्धीवर विसंबायचं नाही, हा आमचा बाणा. आता वैशाख आहे. ऑटोमॅटिकवर असता तर उकाडा ओळखून आपणच मंदावला असता. माझे आकडे अजून पौषातच.

"अहो, ऑटोमॅटिक करू का?"

"थांब, बघतो," म्हणालो. काय बघणार होतो?

ती स्वतःवरचा टेबलफॅन कॉम्प्युटरकडे वळवून, मशीन पुन्हा चालू करून घामाघूम कामाला बसली. आता बदलायचं तर कॉम्प्युटर बंद करावा लागेल. फिल्म अर्धी तयार झाली आहे; बंद केला तर पुन्हा पहिल्यापासून. "बंद कर" म्हणायला मला तोंड नाही.