जशी बोलली तशी

आई, गेल्या आठवड्यात कॉलेजात मी त्या म्हातारीची हकिगत शिकवली. अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेली, मालकाच्या रानात कापूस वेचत वाढलेली ती बाई. तू गेल्याला बारा वर्षं झाली, पण तिची गोष्ट माझ्या तोंडून सगळ्यात आधी तूच ऐकली होतीस.

तो दिवस आठवतो: मी एम.ए.ला आहे. तू भाकरी थापते आहेस आणि मी पाटावर बसून इंग्रजीतलं वाचून तुला मराठीत सांगते आहे. ती सात वर्षांची असताना मालकानं तिच्या आईला विकलं. गाडी निघाली तेव्हा आई रडली नाही, नुसती लेकीचं नाव घेत राहिली. पुढे मालकाच्या मुलांची दप्तरं पोचवता पोचवता ही शाळेच्या दाराआडून अक्षरं शिकली. सापडली, चाबकाचे फटके खाल्ले, तरी शिकली. सुटका झाल्यावर आईला शोधत गावोगाव पायी हिंडली.

"मंग? भेटली का वं तिले तिची माय?"

"नाही."

तुझा हात थांबला. "हे सांगतलं कोणाले तिनं?"

ती म्हातारी झाल्यावर लोक वही घेऊन तिच्या घरी गेले, ती जशी बोलली तसं त्यांनी लिहून घेतलं, असं मी सांगितलं.

"जशी बोलली तसंच?" तुला फार नवल वाटलं. हात पुसून तू माझ्यासमोर येऊन बसलीस. "मंग माहं बी लिही. कुही तालुक्यात, आमच्या गावच्या शाळेत मले दाराबाहेर बसवत. मास्तर पाटी हातात न घेता..."

"मले नाही आई, मला."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. "भाकर गरम हाय, खाऊन घे," म्हणालीस आणि उठलीस. नंतर मी दोन-तीनदा विचारलं, तर "काय हाय त्याच्यात" म्हणून टाळलंस.

त्या हकिगतीचं भाषांतर मी अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठीत केलं होतं. वर्गात वाचलं, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, रानात राबणारी आजी अशी बोलन का?" वर्ग हसला. घरी येऊन मी सगळं पुन्हा लिहायला घेतलं. आता ती म्हातारी 'मले' म्हणते, 'काहून' म्हणते. मोठ्यानं वाचते तेव्हा मला तुझाच आवाज ऐकू येतो.

काल बेसा गावाला मावशीकडे गेले, तुझं अर्धवट राहिलेलं विचारलं. मावशी म्हणाली, "मास्तर पाटी दुरूनच पाहे. चुकलं त सुधरवून देये नाही, काहून का हात लागला असता. तुही माय आतल्या पोरायच्या चुका ऐकून ऐकून शिकली. मंग घरी येऊन मले कोयशानं भितीवर शिकवे." मी ते तसंच्या तसं उतरवून घेतलं. दीड पान झालं. तू बोलली असतीस तर वही भरली असती.

हे पत्र कपाटातच राहणार आहे, म्हणून मावशीलाही न सांगितलेलं एक लिहिते. तू तुझं सांगायला बसलीस त्या दिवशी बाहेरच्या खोलीत माझी कॉलेजातली मैत्रीण नोट्स उतरवत बसली होती. व्याकरणाचं मला काही पडलेलं नव्हतं. तुझं बोलणं तिला ऐकू जाईल, म्हणून मी तुला थांबवलं.