मंगळवारी उपटलेली रोपं

प्रिय विक्रम,

फोनवर बोलायला गेले की तुला नेमकी रेंज नसते, म्हणून लिहिते आहे. घरी सगळं बरं आहे. आईचा गुडघा दुखतो, पण तू येणार म्हटलं की दुखणं कुठल्या कुठं जातं.

चिऱ्याच्या जुन्या खाणीवर आम्हा बायकांचं काम अजून चालूच आहे. खाण बुजवून माती टाकली त्यावर घाणेरी आणि काँग्रेस गवत इतकं माजलं होतं, की पाय ठेवायला जागा नव्हती. यंदा फुलं यायच्या आत मुळासकट खणून काढलं आणि त्या जागी करवंद, जांभूळ, कुंभा लावला. बी आपल्याच डोंगरातलं, रोपं जयाबाईंनी परसात वाढवलेली. ही जगली तर जागा जंगल खात्याकडं जाईल आणि खाण कायमची बंद. मेली तर खाणवाला पुन्हा परवानगी मागणार. खाण चालू असताना आपली विहीर कशी आटली होती, ते तुला सांगायला नको.

पण माझ्या मनात लई दिवस काहीतरी सलतंय. यात्रेआधीचे मंगळवार गावानं वार म्हणून पाळायला घेतलेत. त्या दिवशी कुणी रानात कुदळ लावत नाही, माळावर चिटपाखरू नसतं. आणि बुधवारी जावं तर रोपांचा एक पट्टा मुळासकट गायब. उरलेल्या घाणेरीला मात्र हात नाही. मला कुणाचाच भरवसा वाटेना. राखणदार परशराम नुसता हसला तरी वाटायचं, हा का हसला? जयाबाईंवरसुद्धा पाळत ठेवली, आता लाज वाटते. गावानं मात्र शेळ्या राखणाऱ्या भरमूवर ठपका ठेवून टाकला. तो बिचारा म्हणतो, आक्का, माझी शेळी शेंडा खाईल, पण रोप उपटून पळवील कशी?

गेल्या बुधवारी मी एकटीच ओढ्याकडं उतरले. तिथं सावलीत रोपं सापडली, मुळं ओल्या पोत्यात गुंडाळलेली. वैर करणाऱ्यानं ती उन्हात फेकली असती. आपले आप्पा निपाणीकडं तंबाखूच्या लावणीला जायचे, तेव्हा तरू, म्हणजे कोवळी रोपं, असंच बांधायचे, पोत्याची दोन्ही टोकं आत मुडपून. आप्पांच्या हाताखाली शिकलेली, तसं बांधणारी आता दोनच माणसं उरलीत, विक्रम. त्यातली एक मी. आणि तू खाणवाल्याच्याच ऑफिसात आहेस, दर मंगळवारी तुझा फोन बंद लागतो.

मला तुझा भयंकर राग आला आहे. रडू मात्र याचं आलं, की तुला ती मारवली नाहीत. आम्ही ती परत लावलीत, बरीचशी जगतील असं दिसतंय.

येत्या रविवारी देवळात बैठक आहे. भरमूच्या शेळ्यांना गावच्या रानात बंदी घालणार आहेत, म्हणजे त्याचं पोटच बंद. तुझं नाव मी अजून कुणाजवळ काढलेलं नाही, आईजवळही नाही. रविवारी ये आणि स्वतःच्या तोंडानं सांग. नोकरी जाईल, मला कळतं. तू आलास तर अख्ख्या गावासमोर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास तर भरमूच्या शेजारी उभी राहीन, आणि तुझं नाव मीच घेईन.

तुझीच,
रक्षाआक्का