उलटी कार्डं

अरे,

मी पुन्हा शूटला चाललेय. आईंना तसंच सांग; "फिरायला गेलीय" असं सांगू नकोस.

परवा तू माझं टेबल आवरलंस. छान दिसतंय. फक्त कॅमेऱ्याच्या डबीतली उलटी मेमरी कार्डं भरलेली होती. दोन्ही हार्ड डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय मी कार्ड सुलटं करत नाही, हे तुला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. तू सगळी सुलटी करून ओळीत लावलीस. मी काल त्यातलं एक विश्वासाने पुसलं आणि त्यावर दिवसभर बाजार शूट केला.

पुसलं त्यात विणकाम करणाऱ्या मावशी होत्या. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्याबद्दल बोलल्या होत्या. आता त्यांच्या दारात उभं राहून म्हणायचं, मावशी, तेच सगळं परत सांगा, आणि जरा उजेड आहे तोवर सांगा.

रात्री तुला हे सांगितलं, तर कूस बदलून म्हणालास, "मग परत घे की." तेच घ्यायला चाललेय.

मावशी विचारतील, पहिलं कुठे गेलं? "आमच्या ह्यांनी आवरलं" एवढंच सांगेन. त्या पुढचं विचारणार नाहीत. त्यांचंही लग्न झालेलं आहे.