चूल क्रमांक एक्केचाळीस

३ मार्च, सकाळी ९.४०, ऑफिस
देशाने धूर किती कमी केला, हे दर दोन वर्षांनी जगाला लिहून कळवावं लागतं. त्या अहवालातलं चौथं प्रकरण, ‘सुधारित चुली’, माझं. साहेब आज सगळ्यांसमोर म्हणाले की चौथं प्रकरण म्हणजे आपल्या अहवालाचा कणा. बोलताना माझ्याकडे पाहत होते.
मे महिन्यात परदेशात परिषद आहे. चौथ्या प्रकरणावर सात मिनिटांचं भाषण. कोण जाणार, हे उघड आहे. पासपोर्ट शोधणे. उद्यापासून रोज अर्धा तास चालणे, कारण सूटचं बटण लागत नाही.

७ मार्च
चाललो नाही. पाय दुखेल असं वाटत होतं.
आकडेवारीसाठी एक नवी मुलगी आली आहे. दशांश चिन्हापुढे तीन आकडे लिहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मी तिला मनातल्या मनात दशांशबाई म्हणतो. तिने विचारलं की चार लाख बारा हजार चुली वाटल्या हे ठीक, पण त्या सगळ्या रोज पेटतात हे कशावरून. मी समजावलं की चूल कोणी शोभेला ठेवत नाही. घरात आली म्हणजे पेटली. शिवाय साठ घरांची पाहणी झालेली आहे आणि साठही घरं समाधानी आहेत. तिने विचारलं, पाहणीला कोण गेलं होतं. फाइल बघा, म्हटलं.
फाइल माझ्या कपाटात आहे. किल्ली माझ्या खिशात.

११ मार्च
दशांशबाईने किल्ली मागितली. कपाटाला वाळवी लागली आहे, असं सांगितलं. कपाट लोखंडी आहे हे नंतर लक्षात आलं.

२४ मार्च
दोन परदेशी तपासनीस येणार आहेत. साठांपैकी एक घर त्यांना प्रत्यक्ष पाहायचं आहे. कुठलं, ते आपणच ठरवायचं. सुंठीवाचून खोकला गेला. दशांशबाई म्हणाली, चिठ्ठी टाकून काढू. मी म्हटलं, अनुभव नावाचीही एक गोष्ट असते.
निवडलं घर क्रमांक एक्केचाळीस. म्हणजे माझ्या ताईचं. सख्खी मोठी बहीण, तिने मला अंगाखांद्यावर खेळवलं. बावन्न वर्षांचा झालो तरी छोट्या म्हणते. घरचं माणूस दगा देत नाही.

२६ मार्च
ताईला फोन केला. खोकत होती. म्हटलं, पाहुणे येतील, त्यांना चूल दाखव. ती म्हणाली, छोट्या, त्या चुलीचं असं आहे ना... मी म्हटलं, मला मीटिंग आहे. तू फक्त खरं ते सांग.
यापेक्षा प्रामाणिक अधिकारी कुठे मिळेल?

९ एप्रिल
आरशासमोर भाषणाचा सराव. साडेअकरा मिनिटं लागली. आभाराची सहा मिनिटं कमी करणे. हिला (म्हणजे बायकोला) ऐकवलं. ही म्हणाली, रोज साठ वेळा ‘समाधानी’ म्हणताय, एकदा ताईंकडे जाऊन तरी या. सवड कुठे आहे? आणि मी दर दोन महिन्यांनी जातोच. पुढच्या खोलीत बसतो, चहा घेतो, येतो.

१६ एप्रिल, सकाळी ७
आज तपासणी. सूट घातला. बटण लावायचं नाही असं ठरवलं.

१६ एप्रिल, दुपारी ४
लिहवत नाही. तरी लिहितो.
ताईने पाहुण्यांना थेट परसात नेलं. चूल कोपऱ्यात होती. बादलीएवढी, चकचकीत, नव्यासारखी. वरच्या कड्यात, जिथे भांडं ठेवायचं तिथे, गवत. गवतात कोंबडी. कोंबडीखाली अंडी.
शेजारी तीन दगडांची जुनी चूल धडधडून पेटलेली.
उंच तपासनिसाने दुभाष्यामार्फत विचारलं. ताईने सगळं सांगितलं. तोंड अरुंद आहे, बोटाएवढ्या काटक्याच आत जातात. तेवढी बारीक लाकडं फोडायची तर दोन तास मोडतात आणि तिचा उजवा खांदा उचलत नाही. पहिल्या आठवड्यातच ठेवून दिली. तपासनिसाने विचारलं, कोणाला सांगितलं का? ती म्हणाली, सांगितलं की, ह्याला. आणि माझ्याकडे बोट केलं.
दशांशबाई लिहून घेत होती. मला वाटलं, कोंबडीसुद्धा माझ्याकडे बघत होती.
घरचे भेदी म्हणतात ते हेच. मला कधीही, काहीही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीने चारचौघांत खोटं पाडलं. रडू आलं, पण सूटमध्ये रुमाल नव्हता.

१७ एप्रिल
साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, चौथं प्रकरण ‘यांचं’ आहे. कालपर्यंत ‘आपलं’ होतं. किल्ली काढून घेतली.
दगा देणाऱ्यांची यादी सुरू केली आहे. १. ताई. २. साहेब. ३. दशांशबाई.

१८ एप्रिल
हिला कोंबडीचं सांगितलं. ही हसली. म्हणाली, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. ताई अंडी पाठवते ती त्याच चुलीतली. म्हणजे तीन वर्षं रोज सकाळी मी पुरावा खातोय आणि घरात कोणी बोललं नाही.
४. ही.

२८ एप्रिल
दशांशबाईने फाइल उघडली. साठही फॉर्म एकाच निळ्या शाईत, एकाच अक्षरात. त्या वेळी वाहन मिळालं नव्हतं, म्हणून पाहणी टेबलावरूनच केली, हे मी स्पष्ट केलं. सगळेच करायचे. ती ओरडली नाही. नुसता एक्केचाळीस नंबरचा फॉर्म समोर ठेवला. वापर: रोज. धूर: नाही. खोकला: नाही. अभिप्राय: समाधानी. खाली ताईची सही, मी केलेली. ताईची सही मला लहानपणापासून येते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तीच करायचो.
आता ती खरोखर घरं पाहत हिंडते आहे. एकवीस घरं झाली. पेटलेल्या चुली सात.

९ मे
परिषदेला दशांशबाई जाणार. भाषण: ‘चुली का पेटल्या नाहीत’. साहेब म्हणाले, आपल्या अहवालाचा हा सगळ्यात प्रामाणिक भाग. परत ‘आपल्या’.
माझी बदली टपाल शाखेत.

११ मे
ठरवलं, ताईला तोंडघशी पाडायचं. तीन वर्षांपूर्वीची रोजनिशी काढली. मी रोजचं रोज लिहितो. तिने सांगितलं असतं तर त्यात असतं. नाही म्हणजे नाही.
सापडलं. तसंच्या तसं उतरवतो:
‘ताईचा फोन. चूल, लाकडं, खांदा असं बरंच सांगत होती. मी फॉर्म भरत होतो. हं हं म्हटलं. एक्केचाळीस झाले, एकोणीस राहिले.’
दोनदा वाचलं. अक्षर माझंच आहे.
तिने सांगितलं होतं. फोनवर ती बोलत होती आणि त्याच वेळी तिच्याच नावापुढे मी ‘समाधानी’ लिहीत होतो. तीन वर्षं ती त्या धुरात बसली आणि माझ्या तक्त्यात बरी होती. फार वाईट वाटलं. यादीत ताईच्या वर जागा नव्हती. समासात लिहिलं: मी.

१८ मे, रविवार
ताईकडे गेलो. या वेळी परसात. कुऱ्हाड घेतली आणि लाकडं बोटाएवढी फोडली. दोन तासांत एका स्वयंपाकापुरती झाली. हाताला चार फोड. कोंबडीला उठवलं, तिने चोच मारून पाचवा दिला. चूल पेटवली. खरंच धूर नाही. यंत्रात खोट नव्हतीच. भात शिजेपर्यंत ताई एकदाही खोकली नाही, तेव्हा मला कुठे बघावं कळेना.
माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. वाक्यं पाठ केली होती, सात मिनिटांची. एकही आठवलं नाही.
राख काढता काढता ताईने विचारलं, उद्याची लाकडं कोण फोडणार? सवयीने हं हं म्हणणार होतो. मग म्हटलं, माहीत नाही. ताई म्हणाली, छोट्या, आज तुला ऐकू आलं म्हणायचं.
चपला घालून मागे वळून पाहिलं तर चूल निवली होती आणि कोंबडी कड्यात गवत ओढत होती.